ओढणीवरचा बिअरचा डाग

त्या रविवारी जुळे सोलापुरातल्या मैत्रिणीने मला घरी जेवायला बोलावलं होतं. तिचा भाऊ पुण्याहून येताना काळ्या बिअरची एक बाटली घेऊन आला होता. चॉकलेट आणि लाल मिरची घालून बनवलेली क्राफ्ट बिअर. ती जेवणाच्या टेबलावर, वरणाच्या पातेल्याशेजारी, सगळ्यांच्या समोर ठेवलेली होती. मला तिच्याकडे नीट बघवतही नव्हतं.

आमच्या घरी बाटली कधी कुणी समोर ठेवली नाही. ती कडब्यात असायची, नाहीतर विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीमागे. मी कॉलेजला लागले त्या वर्षी आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दारू सोडली. शपथ वगैरे काही घेतली नाही. फक्त बाहेरून आले की ते उंबऱ्यावर थांबतात. आई म्हणते, "हां करा," आणि ते तिच्या तोंडासमोर श्वास सोडतात. मग ती पाण्याचा तांब्या देते. आता त्यात थोडी चेष्टाही असते, पण तांब्या अजून हां केल्यावरच मिळतो.

"चव बघ हवी तर," मैत्रिणीचे वडील म्हणाले. "नको असेल तर राहू दे हं."

"मला संध्याकाळी गावी जायचंय, काका."

"तिला द्याच, बाबा," मैत्रीण हसली. "मेसमध्ये आमटीबरोबर कच्ची मिरची चावून खाते ती. यात खरी मिरची आहे की नुसतंच नाव, तीच सांगेल."

नको म्हणता आलं असतं. पण आण्णांना इतकी वर्षं धरून ठेवणारं ते असतं तरी काय, हे मला बघायचं होतं. त्यांची दारू वेगळी होती हे माहीत असूनही.

पहिला घोट करपलेल्या शेंगदाण्यासारखा कडू लागला. मग जिभेच्या मागच्या बाजूला चॉकलेट आलं, गोड नसलेलं. वाईट नव्हतं. त्याचीच मला भीती वाटली. मी दुसरा घोट घेतला आणि तो गिळल्यावर मिरची घशाला लागली. जोराचा ठसका आला, पेला हलला आणि बिअर ओढणीवर सांडली.

"खरी आहे," मी कसंबसं म्हणाले. सगळे हसले. मैत्रिणीच्या आईने माझी उरलेली बिअर सरळ बेसिनमध्ये ओतून टाकली. कुणाला काही वाटलं नाही. मी मात्र बघतच राहिले.

ओढणी साबणाने धुऊन, पिळून तशीच गळ्यात घातली. बडीशेप खाल्ली. गाडीत खिडकीशी बसून मी सारखा ओढणीचा वास घेत होते. साबणाचा यायचा आणि त्याच्याखाली तो दुसरा.

जेऊर स्टेशनवर आण्णा मोटारसायकल घेऊन आले होते. त्यांनी नेहमीसारखा हात पुढे केला. ओढणी चाकात जाईल या धास्तीने ते ती माझ्याकडून घेतात आणि स्वतःच्या गळ्याला गुंडाळतात.

"ओली हाय, आण्णा. बॅगेत टाकते."

"बॅगंत पुस्तकं भिजतील की. आण हिकडं."

त्यांनी ओढणी गुंडाळली आणि किक मारायला जरा वेळ लावला. एरवी रस्ताभर एकेका विषयाचा पेपर कसा गेला ते विचारतात. त्या दिवशी घरापर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

आई तांब्या घेऊन दारात उभी होती. "हां करा."

त्यांनी केलं. आई जवळ वाकली आणि तशीच थांबली. तांब्या तिने मागे घेतला.

"पोरगी येणार व्हती आज," ती हळू म्हणाली. "आज तरी ऱ्हायचं व्हतं."

आण्णा खाली बघत होते. ते सांगतील म्हणून मी थांबले. मग लक्षात आलं, ते सांगणार नाहीत.

"आई, वास ओढणीचा हाय. माझ्या. मैत्रिणीच्या घरी दोन घोट घेतले मी." मी तिच्या तोंडासमोर हां केलं.

"तुझ्या तोंडाला बडीशेप येतीया," आई म्हणाली. "बापाला पाठीशी घालू नगं."

मी आण्णांच्या गळ्यातली ओढणी काढून तिच्या हातात दिली. तिने एका टोकापासून हुंगायला सुरुवात केली आणि डागाशी थांबली. मग आण्णांकडे वळली.

"परत हां करा."

त्यांनी पुन्हा केलं. तिने तांब्या त्यांच्या हातात दिला, पण त्यांच्याकडे बघितलं नाही.

"मिरचीची व्हती," मी उगाच म्हणाले.

"मिरची खायाला सोलापूरला धाडलंय व्हय तुला? हितं काय कमी हाय?" आणि ती आत गेली.

आण्णांनी तांब्या उंच धरून सगळं पाणी संपवलं. मग तोंड पुसत विचारलं, "चव कशी व्हती गं?"

ते माझ्यासाठी विचारत होते की स्वतःसाठी, मला कळलं नाही. अजूनही कळलेलं नाही.

"लई कडू," मी म्हणाले. चॉकलेटचं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ओढणी पुन्हा धुतली आणि घरामागे वाळत घातली, आण्णा ज्या बाजूला फारसे जात नाहीत तिकडे.