आम्ही तिघंच गेलो होतो

आधीच सांगून टाकते, भुताखेतांच्या गोष्टींशी माझं कधीच जमलं नाही. या ग्रुपवरचे अनुभव मी वाचते, पण चहाबरोबर टाइमपास म्हणून... आणि मनातल्या मनात प्रत्येकात खोट काढत. त्याला कारण आहे. मी नोएडात एका इन्शुरन्स कंपनीच्या क्लेम डिपार्टमेंटला आहे. लोकांनी शपथेवर सांगितलेल्या गोष्टींवर विश्वास न ठेवण्याचाच मला पगार मिळतो. त्यामुळे तुम्हीही माझ्यावर ठेवू नका, मला राग येणार नाही. पण कुणाला तरी सांगितल्याशिवाय आता राहवत नाहीये.

आम्ही मयूर विहारला राहतो. मी, माझा नवरा मंदार आणि आमची सात वर्षांची सई. मंदारला ट्रिपची भारी हौस आणि हॉटेलं निवडण्याचं त्याचं नशीब महाभयंकर. मनालीला गेलो तर अर्धी सुट्टी गाडीत बसून पुढच्या गाडीची नंबर प्लेट वाचण्यात गेली. जयपूरला गेलो तर खिडकीखाली कुणाच्या तरी लग्नाचा डीजे. दरवेळी परत येताना मी म्हणते, यापेक्षा घरी बसून बाहेरून जेवण मागवलं असतं तर बरं झालं असतं. दरवेळी तो म्हणतो, पुढची बघ.

तर ही 'पुढची' गेल्या डिसेंबरातली. दिल्लीची हवा डिसेंबरात कशी असते ते वेगळं सांगायला नको. सईचा खोकला काही केल्या जात नव्हता, डॉक्टर म्हणाले दोन दिवस जरा मोकळ्या हवेत घेऊन जा. मंदारला तेवढंच निमित्त हवं होतं. त्याने कर्नालच्या पुढे, यमुनेच्या काठी एक 'लक्झरी रिव्हरसाइड रिट्रीट' शोधून काढलं. भाडं ऐकून मी नकोच म्हणणार होते, पण सईच्या खोकल्यापुढे काय बोलणार...

आता एक गोष्ट समजून घ्या, कारण सगळं तिच्यावरच आहे. तिघांनी मिळून प्रवासाला निघायचं नाही, असं माझ्या सासूबाईंचं म्हणणं. तुमच्याही घरी असेल. तिघंच असतील तर चौथी म्हणून एक सुपारी किंवा खडा बरोबर घ्यायचा. आमच्या आई साताऱ्याला असतात, पण आम्ही निघालो की फोन ठरलेला. त्या नुसती सुपारी घ्यायला सांगून थांबत नाहीत. तिला माणसासारखं बोलवायचं, 'चला आमच्याबरोबर' म्हणायचं, मगच ती चौथी होते. हे बोलवायचं काम सईचं. तिला त्यात फार मजा वाटते. मी आईंचं मन राखायला पर्समध्ये सुपारी टाकते आणि विसरून जाते.

त्या दिवशी मी सुपारीच विसरले.

दुपारी पानिपतजवळ मंदार म्हणाला, "इतक्या वेळा इथून गेलो, लढाईचं ते काला अंब काही बघितलं नाही. चल, सईला दाखवू." म्हणून हायवे सोडून आत गेलो. भर दुपारी धुकं होतं. बाग, कुंपण, मधला तो स्मारकाचा खांब, आणि आमच्याशिवाय कुणीही नाही. सईला मंदार मराठ्यांच्या लढाईची गोष्ट सांगत होता, आपली किती माणसं इथे आली आणि परत गेलीच नाहीत वगैरे. तेवढ्यात आईंचा फोन.

"मधुरा, सुपारी घेतलीस ना गं?"

मी जीभ चावली. खोटं बोलणार होते, पण फोन स्पीकरवर होता आणि सई म्हणाली, "आजी, मम्मा भूल गई."

"अगं, मग खडा घ्या एखादा. तिथला कुठलाही चालेल. सई, बोलव बाळा त्याला."

आम्ही कुठे उभे आहोत हे आईंना माहीत नव्हतं. आम्हाला माहीत होतं, आणि तरी आमच्या डोक्यात काही आलं नाही. सईने कुंपणापाशी वाकून एक खडा उचलला. काळपट, मधून एक पांढरी रेघ गेलेला. तो दोन्ही हातांत धरून ती नेहमीच्या लाडिक सुरात म्हणाली, "चला आमच्याबरोबर." मंदारने गाडीचं मागचं दार उघडून त्याला वाकून नमस्कारही केला. आम्ही हसलो.

रिसॉर्टला पोचलो तेव्हा माझा अंदाज खरा ठरला. फोटोतल्या स्विमिंग पूलमध्ये पाण्याऐवजी पालापाचोळा होता. 'रिव्हर व्ह्यू' म्हणजे खिडकीतून दिसणारं उसाचं शेत आणि ट्यूबवेल. गेटपाशी गाडी ठेवून बॅटरीच्या बग्गीतून आत न्यायचे. आम्ही तिघं मागे बसलो. पुढे ड्रायव्हरशेजारची सीट रिकामी होती. रिकामी होती हे मी आजही कोर्टात सांगेन.

रिसेप्शनवर वेलकम ड्रिंकचे चार ग्लास आले. मंदार म्हणाला, "हम तीन हैं." तिथल्या मुलीने आमच्या मागे पाहिलं, जरा गोंधळली आणि "सॉरी सर" म्हणाली. खोलीत गेलो तर जादा गादी घातलेली. जेवायला बसलो तर चार ताटं. वेटर चौथ्या ताटात वाढायलाच लागला.

तुम्हाला वाटेल मी घाबरले असेन. छे. माझं डोकं फिरलं. मला वाटलं, हे लोक चौघांचं बिल लावणार. माझ्या धंद्यात असले प्रकार रोजचे आहेत. मी ताडकन उठून मॅनेजरकडे गेले आणि पूल, नदी, ट्यूबवेल सगळ्याचा राग एकदम काढला. तो बिचारा हात जोडून म्हणाला, "मैडम, बुकिंग तो तीन की ही है. पर आए तो आप चार हैं ना?" मी म्हटलं, कोण म्हणतं? त्याने बग्गीवाल्याला बोलावलं.

बग्गीवाला मध्यमवयीन, शांत माणूस. तो म्हणाला, "चार सवारी थीं जी. एक भाई साहब आगे मेरे साथ बैठे थे. ओढ़ रखा था कुछ. काँप रहे थे बेचारे."

"काहीतरी बोलू नका," मी चक्क मराठीतच म्हणाले.

त्यावर तो एकदम खुलला. "हाँ, यही. यही वाली बोली. रास्ते भर कुछ पूछ रहे थे इसी बोली में. मेरी समझ में नहीं आया."

तेव्हा पहिल्यांदा मी घाबरले. आमच्या मागच्या, पुढच्या, कुठल्याच खोलीत मराठी माणूस नव्हता. मी मंदारला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, आपलंच बोलणं ऐकलं असेल त्याने." मला ते पटवून घ्यायचं होतं, म्हणून पटलं. पण त्या रात्री मी सईला दोघांच्या मधे घेऊन झोपले.

सकाळी उठून आवरलं. मी बॅग भरत होते, मंदार गिझरशी झटापट करत होता. मला वाटलं सई त्याच्याजवळ आहे. त्याला वाटलं माझ्याजवळ. खोलीचं दार उघडं दिसलं तेव्हा बाहेर इतकं दाट धुकं होतं की समोरची कॉटेजही दिसत नव्हती. आणि मागे, शेताच्या पलीकडे, नदी. आम्ही दोघं हाका मारत गेटपर्यंत पळालो.

गेटवरच्या गार्डने आमच्याकडे आश्चर्याने पाहिलं. "बच्ची तो अभी निकली, मैडम. साहब के साथ."

साहेब माझ्या शेजारी उभा होता, पायात एकच चप्पल.

पुढे किती पळालो ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की धुक्यात आधी तिचं लाल जॅकेट दिसलं. ती रस्त्याच्या कडेने चालली होती, जराही घाई नाही... आणि तिचा उजवा हात वर होता. मोठ्या माणसाचं बोट धरलं की लहान मुलाचा हात जसा वर असतो ना, तसा. मी ओरडले. ती थांबली, आणि तिचा हात हळूच खाली आला. कुणीतरी सोडल्यासारखा.

"मम्मा, तुम्ही पण आलात? अच्छा झालं. आम्ही घरी चाललो होतो."

"आम्ही कोण?"

"मी आणि ते. ते म्हणाले हा रस्ता उलटा आहे. घर तिकडे आहे." तिने दाखवलं ती दक्षिण. "त्यांना खूप ठंड लागते मम्मा. आपण त्यांना बोलावलं आणि उलटं घेऊन आलो."

मी तिचा तो हात हातात घेतला. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीसारखा गार होता. दुसरा हात मात्र गरम. गारठलेल्या हाताच्या मुठीत तो पांढऱ्या रेघेचा खडा होता.

आम्ही नाश्ता, उरलेलं बुकिंग, सगळं सोडून निघालो आणि सरळ काला अंबला गेलो. सईला त्याच्याजवळ ठेवून मी एकटी कुंपणापाशी गेले. खडा खाली ठेवला. कुणी ऐकत नाहीये असं स्वतःला बजावत मी मोठ्याने म्हणाले, "माफ करा. आम्ही न समजता बोलावलं. पण माझी एकुलती एक मुलगी आहे. तिचा हात सोडा." आणि मागे वळून न बघता आले. मला रडू फुटलं होतं. भीतीने की आणखी कशाने, ते नाही सांगता येणार. मराठीत दोन शब्द ऐकायला कुणीतरी किती वर्षं थांबलं असेल, असं काहीतरी मनात येऊन गेलं, आणि मी ते झटकून टाकलं.

हायवेवर एका ढाब्यावर थांबलो. पोऱ्याने टेबलावर पाण्याचे तीन ग्लास ठेवले. मंदारने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे, आणि आम्ही दोघंही वेड्यासारखे हसायला लागलो.

घरी येऊन मी सईचं जॅकेट धुवायला घेतलं. ते हाताला जड लागलं.

दोन्ही खिसे खड्यांनी भरलेले होते. काठोकाठ. मी ते बादलीशेजारी ओतले. सगळ्यात वर तो होता. पांढऱ्या रेघेचा. मी माझ्या हातांनी कुंपणापाशी ठेवून आलेला. सई तर तेव्हा मंदारजवळ उभी होती. मंदार म्हणतो, मी क्षणभर फोन बघितला असेन. असेल बाबा.

मी सईला विचारलं. ती अगदी सहज म्हणाली, "मम्मा, ते एकटे नव्हते. बाकीच्यांनी विचारलं, आम्ही पण येऊ का? मी 'चला' म्हणाले. सगळ्यांनाच घरी जायचंय."

किती खडे होते ते मी मोजलं नाही. मोजायची हिंमत झाली नाही. मंदार म्हणाला परत नेऊन टाकू. पण एकदा ठेवून आलेल्या खड्याचं काय झालं ते मी बघितलं होतं, आणि सईला पुन्हा त्या कुंपणाजवळ नेण्याचा मला धीर नव्हता. यमुनेत सोडावेत तर सई ऐकूनच नको म्हणून हटून बसली. शेवटी मी ते एका स्टीलच्या डब्यात भरून देवघराखाली ठेवले. तिचा खोकला त्या आठवड्यात थांबला. त्याचाही अर्थ मला लावायचा नाही.

जानेवारीत खालच्या मजल्यावरच्या आंटी लिफ्टमध्ये भेटल्या. "बेटा, गाँव से मेहमान आए हैं क्या? दोपहर भर चहल-पहल रहती है. अच्छा लगता है." दुपारी आमच्या घरी कुणी नसतं. मी ऑफिसात, मंदार गुरुग्रामला, सई शाळेत आणि मग डे-केअरला. मी आंटींकडे बघून हसले. दुसरं काय करणार?

एकदा घरी लवकर आले तर घर शांत होतं. पण सगळ्या चादरी कपाटातून काढून हॉलमध्ये जमिनीवर अंथरलेल्या. सईने सकाळीच केलं होतं म्हणे, शाळेत जायच्या आधी. "त्यांना पांघरूण नको का?" म्हणाली. आमच्या घरात ब्लँकेट म्हणतात. पांघरूण हा शब्द तिने कुठे ऐकला, मला माहीत नाही.

मला या कशाचंच स्पष्टीकरण देता येत नाही. क्लेम म्हणून हे माझ्या टेबलावर आलं असतं तर मी पहिल्याच पानावर रिजेक्ट केलं असतं. बग्गीवाला, गार्ड, आंटी, सगळ्यांचे खुलासे मी करून बघितलेत, आणि प्रत्येक खुलाशाच्या शेवटी सईचा तो वर धरलेला हात येतो. मी अजूनही घाबरलेली आहे. ते आम्हाला काही करतील याची भीती आता कमी वाटते. ते सईला घेऊन निघतील, याची वाटते. म्हणून मे महिन्याच्या सुट्टीची वाट न बघता होळीच्या सुट्टीतच आम्ही साताऱ्याला जायचं ठरवलंय. गाडीने. दक्षिणेला. मंदारने या वेळी हॉटेल शोधलेलं नाही.

काल आईंना फोन केला. त्यांना यातलं काही सांगितलेलं नाही. खूश झाल्या. म्हणाल्या, "या, या. पण किती जण येताय ते नक्की सांग गं, म्हणजे मला अंथरुणं काढून ठेवता येतील."

फोन स्पीकरवर होता. सई शेजारीच चित्र काढत बसली होती. तिने मान वर न करता उत्तर दिलं.

"सगळे, आजी."