कोऱ्या चकत्या

संघमित्रा गेल्याचा तिच्या भावाचा फोन आला तेव्हा मी बारामतीला, कॉलेजच्या प्रयोगशाळेत होते. ती डेंग्यूनं इंदापूरच्या दवाखान्यात आहे हे ठाऊक होतं. रविवारी जाऊन येऊ म्हणत होते... तिनं रविवारपर्यंत दम धरला नाही. दीड महिना झाला, मला अजून राग येतो. तिचा नव्हे, माझाच.

आम्ही दोघी रसायनशास्त्र शिकवायचो. तिची पीएच.डी. कृत्रिम सांध्यांच्या सिरॅमिकवर होती. रक्त लागताच त्यावर कोणतं प्रथिन आधी बसतं, हा तिचा प्रश्न. शरीराची गाठ सिरॅमिकशी पडतच नाही, पडते ती त्या प्रथिनांच्या थराशी. वर्गात ती सांगायची, "एसटीत रुमाल टाकून जागा धरत्यात ना, तसं चपळ प्रथिन आधी बसतंय. मागनं दांडगं येतंय अन् त्याला उठवतंय." पोरं हसायची. घरातली पहिली डॉक्टरेट होणार म्हणून आबांनी, तिच्या वडिलांनी, दारावरच्या पाटीत नावाआधी जागा मोकळी सोडली होती.

सिरॅमिकच्या चकत्या धुऊन भट्टीतच वाळवायच्या, फडकं लावायचं नाही, हा तिचा नियम. पण उन्हाळ्यात खिडकीतून सुप्याकडच्या कोरड्या माळाची धूळ यायची, आणि भांडं पुसल्याशिवाय मांडणीवर ठेवायचं नाही हे माझ्या हाडीमाशी खिळलेलं. ती नसताना मी चकत्या मऊ फडक्यानं पुसून ठेवायचे. त्याच फडक्यानं सांडलेला रक्तद्रव टिपला होता. धुतलंय म्हणून मी निर्धास्त. पुढं रक्त न लागलेल्या कोऱ्या चकत्यांवरही प्रथिन सापडायला लागलं. आठ महिने ती कारण शोधत राहिली. मला दुसऱ्याच आठवड्यात उमगलं होतं, पण जीभ उचलली नाही. शेवटी तिनं दोन वर्षांची निरीक्षणं रद्द केली आणि मार्गदर्शकांना लिहून दिलं, 'जबाबदारी माझी.' पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तेवढा वेळ तिच्याजवळ नव्हता.

परवा इंदापूरला गेले. आबांसमोर बसून सगळं सांगून टाकलं.

"तिला म्हायती व्हतं, पोरी," ते म्हणाले. "शेवटाला फडकं बघितलं व्हतं तिनं. म्या म्हणलं, इचार की तिला. तर म्हणली, न्हाय आबा, ती आपणहून सांगंल."

मग त्यांनी आत हाक मारून चहा टाकायला सांगितलं. दवाखान्यातही ती दाराकडं बघायची का, हे मला विचारवलं नाही.