बकुळीचा रस्ता

"डोळे जरा किलकिले करा. हं. आता बघा."

लालबागच्या आमच्या रस्त्याच्या मधोमध उभे राहून ते हे सांगत. एका हातात छत्री, दुसऱ्या हाताची बोटं खडूनं पांढरी. मागून हातगाडीवाला ओरडत असे, पण त्यांना ऐकू जात नसे. अर्धवट मिटलेल्या डोळ्यांनी टोपल्या, गोणपाटं आणि दोरीवरचे कपडे सगळे एकमेकांत विरघळून जात आणि एक हिरवट धूसर काहीतरी उरे. मला ते दिसायचं. खरंच दिसायचं की त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी हो म्हणायचो, हे आज सांगता येत नाही.

ते म्युनिसिपालिटीतले साहेब. बाजाराचे रस्ते सुधारायचं काम त्यांच्याकडे होतं. माणसानं बाजारात नुसतं सामान घ्यायला येऊ नये, दोन घटका रेंगाळायला यावं, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी त्यांना आमच्या रस्त्याच्या कडेनं बकुळी लावायच्या होत्या. झाडं येतील तिथे त्यांनी खडूनं वर्तुळं काढून ठेवली होती. पुसली की पुन्हा काढत, आणि चालताना त्यांना वळसा घालून जात, जणू मध्ये खोड आहे.

माझं दुकान सुपं, टोपल्या, केरसुण्या यांचं. शेजारी नारळवाले भाऊ. साहेब भर दुपारी वर्तुळ काढायला वाकले, की भाऊ गंभीर चेहऱ्यानं म्हणत, "साहेबांनू, उन्हात कित्याक? झाडाखाली बसा मा."

साहेबही तितक्याच गंभीरपणे म्हणत, "बसलो असतो, पण तिथे तुमचे नारळ आहेत."

अडचण तीच होती. आम्ही सगळे दुकानदार पुढे लाकडी फळी टाकून तिच्यावर माल मांडायचो. फळ्या आत गेल्याशिवाय खड्डे खणता येत नव्हते. पोलीस आणून फळ्या उचलता आल्या असत्या, पण ते साहेबांना नको होतं. "जुलमानं लावलेल्या झाडाला पाणी कोण घालणार?" असं विचारत. एकानं आपणहून फळी आत घेतली की बाकीचे घेतील, अशी त्यांची आशा. निवृत्ती जवळ आली होती, आणि त्यांनी मनापासून मागितलेला हा एकच रस्ता होता.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. रोज कुठे ना कुठे सभा, मोर्चे. एके दिवशी कडकडीत हरताळ पडला. गिरण्यांचे भोंगे वाजले नाहीत. सगळी दुकानं बंद, फळ्या आत. मी वरच्या गॅलरीत उभा होतो, तर रिकाम्या रस्त्यावरून साहेब एकटेच चालत येताना दिसले. मला पाहून त्यांनी हातानंच खाली बोलावलं.

आम्ही दोघं चालत राहिलो. इतका रुंद होता आमचा रस्ता. ऊन कोवळं होतं, आमच्या पावलांचा आवाज भिंतींवरून परत येत होता, आणि आपण कुणाच्या तरी स्वप्नात चाललो आहोत असं मला वाटत होतं. साहेबांच्या चेहऱ्यावर लहान मुलासारखं हसू होतं. मग ते एकदम थांबले. "तिकडे शहरात गोळीबार झालाय म्हणतात," ते खालच्या आवाजात म्हणाले. "आज मला आनंद व्हायला नको होता."

दुसऱ्या दिवशी दुकानं उघडायच्या आत ते हजर. "काल घेतल्यात तशाच राहू द्या ना आत."

भाऊंनी मान हलवली. "काल फळी आत घेतली ती मुंबईसाठी, साहेब. आज तुमच्या बकुळीसाठी कशी घेऊ?"

"अहो, बकुळ मुंबईतच लावणार आहे."

सगळे हसले. साहेबही हसले, पण छत्री जमिनीवर टोचत राहिले. मला ते बघवेना. म्हटलं, "माझी राहील आत." त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. माझ्या मनगटाला खडू लागला.

फळी आत राहिली. त्या मोकळ्या जागेत हळूहळू भाऊंचे नारळ सरकत आले. आत ठेवलेल्या सुपांकडे गिऱ्हाईक फिरकेना. बाई केरसुणी हातात घेऊन झटकून बघते, त्याशिवाय घेत नाही. आणि दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाला चाळीतल्या प्रत्येक घरी नवी केरसुणी लागते, तिचीच पूजा होते. आमचं वर्ष त्या एका दिवसावर चालायचं. आई म्हणाली, "लक्ष्मी आत कोंडून ठेवलंस तर घरात येतली खंयसून?"

त्या सकाळी मी कॉटन ग्रीनच्या गोदामातून माल घेऊन आलो, तेव्हा आईनं फळी बाहेर टाकली होती आणि बायकांची झुंबड उडाली होती. मला फळी आत घेता आली असती. मी नवा गठ्ठा सोडला आणि फळीवर मांडला.

दुपारी साहेब आले. मागे माळी, त्याच्या हातात रोप. माझी एकट्याची जागा मोकळी आहे म्हणून पहिलं झाड माझ्याच दारात लावायचं त्यांनी ठरवलं होतं.

मी काहीतरी बोलू लागलो. "सण आहे म्हणून... उद्या आत..."

"असू दे, असू दे," ते म्हणाले. फळीवरची एक केरसुणी उचलून त्यांनी झटकून पाहिली. "घरी लागणारच आहे." मी पैसे नको म्हणालो, तर म्हणाले, "लक्ष्मी फुकट नेऊ नये."

त्यानंतर ते आमच्या रस्त्यावर आले नाहीत. दिवाळीनंतर मी फळी आत घेऊन पाहिली, पण माळी फिरकला नाही. पुढे नवे साहेब आले, ते गाडीतून उतरत नसत. राज्य झालं, रस्त्यावर रोषणाई झाली, आम्ही पेढे वाटले. झाड मात्र आजतागायत एकही नाही. ते रोप कुठे लागलं, हे विचारायला मी कचेरीत जाऊ शकलो असतो. गेलो नाही.

केरसुणीला कुणाचा पाय लागू नये, धक्का लागू नये, म्हणून त्या दुपारी परत जाताना गर्दीत त्यांनी ती डोक्यावर उंच धरली होती. साहेब लगेच दिसेनासे झाले. माणसांच्या डोक्यांवरून ती नवी केरसुणी तेवढी मोर्चातल्या झेंड्यासारखी पुढे पुढे जात होती. एक बाई मला भाव विचारत होती, आणि मी तिकडेच बघत होतो.