टेपचं दुसरं टोक

पत्रक पिवळ्या कागदावर काढलं होतं. एका बाजूला गुजराती, दुसऱ्या बाजूला इंग्रजी, आणि वर जाड अक्षरात मागणी: आमची पदवी आम्ही ठरवू. मराठीत काढलं नाही. बडोद्यात घराबाहेर मराठीत कोण भांडतं? पण मसुदा मी मराठीतच केला. राग मला मराठीतच येतो.

मागणी साधी होती. माणसाला एकाच विभागाच्या दावणीला का बांधता? मला आमच्या वाडीतलं पाणी शिकायचं होतं. पाऊस थांबल्यावरही गल्लीत ते साचून का राहतं, त्यात काय काय असतं, आणि कायद्यानं ते कुणी काढायचं. म्हणजे मोजणी सिव्हिलला, तपासणी केमिस्ट्रीला, जबाबदारी लॉला. तीन इमारती. तिन्हीकडे एकच उत्तर, "बेन, ए अमारामां ना आवे." आमच्यात येत नाही. मग कुणाच्यात येतं? पाणी तर सगळ्यांच्या उंबऱ्यात येतं.

पहिल्या वर्षी पत्रक काढणारे आम्ही पाच जण वर्गापेक्षा गेटवर जास्त होतो. आमचं शहराबाहेरचं खाजगी विद्यापीठ शेवटी नमलं. स्वतःची पदवी स्वतः आखा, अशी योजना निघाली. आम्ही पेढे वाटले. आणि योजनेत नाव घालायची वेळ आली तेव्हा बाकी चौघांनाही एकदम आपापले वडील आठवले. घोषणा ज्यानं लिहिली होती तोच मेकॅनिकलला चिकटला. म्हणाला, "तू लढ यार, आम्ही आहोत ना मागे." मागे म्हणजे नक्की कुठे, ते मला अजून सापडलेलं नाही.

वडील मलाही होते. आमच्या घराण्यात सगळे बडोदा संस्थानच्या कचेरीत, एकेका खुर्चीवर आयुष्य काढलेले. बाबा बँकेत. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "तीन डिपार्टमेंटचा माणूस जेवायला कुठल्या टेबलावर बसतो गं?" मी फार चिडले, कारण पत्रकात ह्याला उत्तर नव्हतं.

उत्तर मग रोज मिळू लागलं. केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये जोड्या पहिल्याच दिवशी ठरल्या होत्या. मला बेसिनजवळचं टेबल मिळालं, जिथे सगळे बाटल्या धुवायला यायचे. लॉच्या वर्गात मी "सिव्हिलवाली", सिव्हिलमध्ये "लॉवाली". लॅबमधल्या पोरांनी तर माझं नावच सेवउसळ पाडलं, सगळं एकाच प्लेटीत कालवलेलं म्हणून. "ए सेवउसळ, आज तर्री कुठल्या डिपार्टमेंटची?" मी पण उलट सुनवायची, "तुझ्या प्लेटीत तर नुसता पाव आहे रे!" सगळे हसायचे, मीही हसायची, आणि मग ते सगळे एकत्र कँटीनला जायचे.

पाच जणांनी बसून एवढं मोठं मागणीपत्र लिहिलं. विषय मागितले, शिक्षक मागितले, परीक्षेची पद्धत मागितली. शेजारी बसायला कुणीतरी मागावं, हे एकालाही सुचलं नाही. पाच जण असताना ते कसं सुचणार?

सगळ्यात वाईट टेप. सिव्हिलची तीस मीटरची टेप घेऊन मी वाडीत गटाराच्या जाळ्यांमधलं अंतर मोजायची. टेप एकट्यानं धरताच येत नाही, ती तशी बनवलेलीच नाही. मी टोक विटेखाली दाबायची, तर स्कूटर वीट उडवायची. खिळ्याला अडकवायची, तर गाय येऊन उभी राहायची. शेवटी कोपऱ्यावरच्या काकींना म्हटलं, जरा धरता का? त्या ओट्यावर गवार निवडत होत्या. हात मोकळा नव्हता म्हणून त्यांनी टोक पायाच्या अंगठ्याखाली दाबलं आणि विचारलं, "तुझ्या क्लासमधलं कोणी येत नाही?"

"क्लास नाही, काकी."

"म्हणजे सुट्टी आहे?"

यंदा योजनेच्या प्रमुखांनी सरळ सांगितलं: नवीन एक तरी विद्यार्थी आला पाहिजे, नाहीतर योजना बंद. एक! मी उरलेली पिवळी पत्रकं काढली आणि प्रवेशाचे सगळे दिवस गेटवर उभी राहिले. योजना वाचवायची होती, हे खरं. पण मला ती एक हवी होती, हे त्याहून खरं.

आणि ती आली. कोयलीची, वडील रिफायनरीत, बरोबर आई. तिला रंग शिकायचे होते, चित्रातलेही आणि रसायनातलेही. जुन्या भिंतींवरची चित्रं का उडतात ते तिला शोधायचं होतं. ती बोलत होती आणि मी मनातल्या मनात बेसिनजवळच्या टेबलाशी दुसरं स्टूल सरकवत होते.

मग तिनं विचारलं, "दीदी, क्लासमां केटला छे?"

पत्रकी उत्तर तयार होतं. दर्जा संख्येवर ठरत नाही, वगैरे. वर्षभर मी तेच बडबडत आले होते. पण ती माझ्याकडे बघत होती, आणि उद्या फसणार होती ती, पत्रक नव्हे.

"एक," मी म्हटलं. "मी."

तिची आई म्हणाली, "तो डबो कोनी साथे खाय छे?"

"एकटीच खाते, मासी."

मासींनी पदर सारखा केला. मुलीनं पत्रक नीट घडी घालून पर्समध्ये ठेवलं, थँक यू म्हणाली, आणि दोघी केमिस्ट्रीच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. तिच्यापुढे सहा मुली होत्या. दोन मिनिटांत ती त्यांच्याशी बोलायलाही लागली.

मुदत संपली. प्रमुखांनी बोलावलं, चहा दिला. "मागणी नाही, तर आपण काय करणार? तुझी पदवी पूर्ण होईल, काळजी नको."

"मागणी नाही कशी? मी बसलेय ना समोर."

"तू आहेसच गं," ते म्हणाले, आणि फोन उचलला.

संध्याकाळी टेप घेऊन गल्लीत गेले. चार जाळ्या राहिल्या होत्या. काकी ओट्यावरच होत्या. त्यांनी पाय पुढे केला.

"आजेय एकटीच?"

"हो. आता शेवटपर्यंत."

"बरं. ओढ."

"अंगठा हलवू नका हं."

"तू माप गं. मी कुठे पळतेय."