पाटीबाईंचं ‘साठी’शी वैर

मेलेल्या प्राण्यांच्या संग्रहालयात मी एकोणीस वर्षं कातड्यांत भुसा भरला. त्यामुळे डोक्यात भुसा असलेला माणूस मला लांबून ओळखू येतो. नवे संचालक दारातून आत आले तेव्हाच मी ओळखलं होतं.

प्रत्येक काचेच्या कपाटाखाली प्राण्याची माहिती सांगणारी पाटी असे. ती हाताने लिहायचं काम ज्यांच्याकडे होतं, त्यांना सगळे पाटीबाई म्हणत. शिक्षण बेताचं, बाकी सगळं त्यांनी संग्रहालयाच्या वाचनालयात बसून वाचलेलं. पाटीचा मजकूर तयार झाला की त्या घरी थोरल्या बहिणीला वाचून दाखवत. ताई कपडे शिवायची, शाळा चौथीतच सुटलेली. ताईला कळलं नाही की मजकूर फाडला जाई.

बाईंना एका शब्दाची चीड होती: ‘साठी’. उंटाला वाळूत चालण्यासाठी पसरट पाय आले, असं कोणी म्हटलं की त्या कुंचला खाली ठेवत.

“आले कसे? उंटाने अर्ज केला होता? ज्यांचे पाय मुळात जरा पसरट होते त्यांचं निभावलं, त्यांची पिल्लं जगली. बाकीचे गेले.”

नव्या साहेबांना हे फार गावठी वाटलं. त्यांनी कुठूनसा एक शब्दपंडित पकडून आणला. दोघांनी मिळून दोनशे चौदा पाट्या शुद्ध करायला घेतल्या. हरणाखाली ‘लांब, हलके पाय’ असं लिहिलेलं होतं, तिथे आलं ‘द्रुतगमनानुकूल दीर्घपादत्व’. हे उच्चारून होईपर्यंत वाघाचं जेवण आटोपलं असतं.

नुसतं जडपण असतं तर बाईंनी गिळलं असतं. पण पंडितांनी झाडाच्या सालीत मिसळून जाणाऱ्या पतंगाखाली ‘अनुकृती’ लिहिलं, आणि गांधीलमाशीसारखे पट्टे मिरवणाऱ्या गरीब माशीखाली ‘छद्मावरण’.

“उलट झालंय,” बाई म्हणाल्या. “पतंग लपतो, ते छद्मावरण. माशी कुठे लपते? ती दुसऱ्याचा धाक उसना घेऊन उघड फिरते. ती अनुकृती.”

पंडित हसले. “बाई, तुम्ही अक्षर काढा. अर्थाचं आम्ही बघतो.”

साहेबांनी मान डोलवली. कोणी रुबाबात बोलू लागलं की मान आपोआप डोलणं, हे त्या जातीचं एकमेव अनुकूलन. नोकरीत टिकायला तेवढं पुरतं.

“मग ज्याचा अर्थ, त्याने खाली सही करावी,” बाई म्हणाल्या. दोघांनी दोनशे चौदा कागदांवर मोठ्या हौसेने सह्या केल्या. त्यांना तो मान वाटला.

चार महिन्यांनी एक शिक्षिका वह्यांचा गठ्ठा घेऊन ऑफिसात आल्या. त्यांच्या वर्गातल्या नऊ मुलींनी आमच्या पाट्या जशाच्या तशा उतरवल्या होत्या आणि परीक्षेत नऊच्या नऊ चुकल्या. साहेबांच्या टेबलावरच्या घुबडाचा डोळा बसवायला मी तिथेच होतो.

“आमच्या बाई थकल्यात हो,” साहेब हळहळले. “हल्ली चुका होतात त्यांच्याकडून.”

बाईंना बोलावलं. त्यांनी पतंगाचा आणि माशीचा, असे सह्यांचे दोन कागद टेबलावर ठेवले. साहेब आपल्या सहीकडे असे बघत राहिले जणू ती एखादी ओळखीची वस्तू आहे, पण नाव आठवत नाही. पंडितांचा फोन पुढे आठवडाभर लागला नाही.

पाट्या परत लिहायचा हुकूम निघाला, आणि इथे मात्र बाई चुकल्या. शब्दपंडितावरचा राग त्यांनी शब्दांवर काढला. छद्मावरण, शीतनिद्रा, निशाचर, सगळं हद्दपार. साधं वाक्य, आणि पुढे काही नाही. त्या पंडितापेक्षा कमी गर्विष्ठ होत्या अशातला भाग नाही. त्यांचा गर्व सोपा होता, एवढंच. मला हे दिसत होतं, पण सांगायची छाती नव्हती.

शिक्षिका पुन्हा आल्या, पाट्या वाचून म्हणाल्या, “कळतं सगळं. पण मुलींना शब्दही हवा. शब्द नसला तर तीच गोष्ट दरवेळी पहिल्यापासून सांगत बसावं लागतं.”

बाईंनी घरी जाऊन ताईकडे तक्रार केली. इतकं सोपं करून दिलं तरी लोकांचं समाधान नाही म्हणून. ताईने मशीन थांबवलं नाही.

“बाहीला चुण्या घाल म्हणते ना मी? का दरवेळी ‘कापड थोडंथोडं दुमडून शिव’ असं म्हणू?”

हे बाईंनीच मला सांगितलं, तेही दोन दिवसांनी. मग त्यांनी प्रत्येक पाटीखाली लाल शाईत एकेक ओळ घातली. ‘याला छद्मावरण म्हणतात.’ ‘याला अनुकृती म्हणतात.’ आधी गोष्ट, मग तिचं नाव.

साहेबांचं काय झालं? बढती. वरच्यांसमोर त्यांनी ‘माझा सोप्या पाट्यांचा उपक्रम’ यावर भाषण केलं आणि मोठ्या ऑफिसात गेले. पंडित तिथेच सल्लागार लागले.

निरोप समारंभाला सगळे खाली जमले. मी बाईंना बोलवायला गेलो. त्या शिडीवर चढून देवमाशाच्या सांगाड्याखाली, कमरेच्या निरुपयोगी हाडाजवळ, ‘अवशेषांग’ची पाटी ठोकत होत्या.

“साहेब वाट बघतायत,” मी म्हटलं.

“शिडी धर,” बाई म्हणाल्या.