अर्धाच राहिलेला सिनेमा

परवा मुलाने मला आणि माझ्या वडिलांना, आबांना, गाडीत बसून बघायच्या सिनेमाला नेलं. जनरेटरच्या डिझेलचा वास काचेतून आत आला आणि मी थेट उंब्रजजवळच्या आमच्या गावच्या जत्रेत पोचले.

तिथेही उघड्या मैदानात पडदा होता आणि आम्ही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कडब्यावर बसलो होतो. आईचा तो पहिलाच सिनेमा. नायिकेला सासरचे घराबाहेर काढतात, तिथे आई पदराचं टोक दातात धरून बघत होती. तेवढ्यात लांब वस्तीवरचे दिवे लागले.

"लाईट आली रं!" कोणीतरी ओरडलं. उसाला पाणी पाजायचं होतं, मोटर चालू करायला हवी होती. आबा तडक ट्रॅक्टरवर बसले.

"आवं, थोडंच ऱ्हायलंय," आई म्हणाली.

"ऊस वाळवू व्हय तुज्या शिनेमापायी?"

दुसऱ्या दिवशी आबा आईला न नेता मित्रांबरोबर जाऊन तोच सिनेमा पुरता बघून आले. भाकरी वाढताना आईने विचारलं, "तिला घरात घेत्यात का वो शेवटी?"

"तुला काय करायचंय?" म्हणत त्यांनी ताट पुढे ओढलं.

आईने पुन्हा कधी विचारलं नाही. तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली.

परवा सिनेमाच्या मध्येच आबा म्हणाले, "चल घरी. कंबर धरली."

"शेवट बघून जाऊ की, आबा," मी म्हणाले.

"त्यात काय बघायचं? शेवटाला समदं नीटच व्हतंय."

भाकरी वाढणाऱ्या बाईला एवढं एक वाक्य सांगायला काय जात होतं त्यांचं?