पाणी पहिलं

माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांनी आयुष्यात एकाही माणसाचा चेहरा पाहिलेला नाही. पाहिली ती फक्त त्यावरची कातडी. माझ्या लग्नात पाठवणीच्या वेळी सगळं घर रडत होतं, मीही रडत होते, तेव्हा भाऊजी गर्दीतून वाट काढत माझ्याजवळ आले. वाटलं, डोक्यावर हात ठेवतील. ते म्हणाले, "डोळे चोळू नको बाई, तिथली कातडी लई पातळ असते." लग्नात मिळालेल्या आशीर्वादांपैकी पुढे उपयोगी पडलेला हा एकच.

भाऊजी वर्ध्याच्या एका फार्मसी कॉलेजात सौंदर्यप्रसाधनं कशी बनवतात ते शिकवायचे. निवृत्तीनंतर कॉलेज सुटलं, शिकवणं सुटलं नाही. शेजारच्या काकू अंगणात गालावर लिंबू चोळताना दिसल्या, तेव्हा त्यांनी कुंपणावरून हात घालून ती फोड मागून घेतली, आणि लिंबू वरणात पिळायचं असतं, गालाला लावून उन्हात गेलं की डाग पडतात, हे काकूंची भाजी करपेपर्यंत समजावलं. वडनेरला नात्यातल्या एका लग्नात त्यांनी हळदीच्या आदल्या दिवशी नवरीच्या कानामागे थोडी हळद लावून ठेवायला सांगितली. पुरळ येते का ते उद्या कळेल, मग ठरवू म्हणे. मग काय ठरवायचं, असं नवरीच्या आईनं विचारलं, तर म्हणाले, "हळद लावाची का नाई, ते." त्या घरचं आमंत्रण आम्हांला पुन्हा आलेलं नाही. स्वतःच्या डाव्या हाताच्या आतल्या बाजूला ते बॉलपेननं चौकोन आखून घेत आणि प्रत्येक चौकोनात एकेक नवं मिश्रण लावून पाहत. "सर, हातावर सापशिडी काऊन काढली?" असं भाजीवालीनं विचारलं, तेव्हा तिलाही त्यांनी भाजी मोजू न देता पूर्ण उत्तर दिलं. क्रीम तयार झालं तरी हातात पडायचं नाही. काही डब्या फ्रिजमध्ये, काही गच्चीवर उन्हात, टिकतं का ते पाहायला. तिथली ताईची लोणच्याची बरणी सावलीत सरकवलेली. वर्ध्याचा मे महिना ज्यानं काढला त्याले जगात कुठंच भेव नाई, असं ते म्हणत, आणि ते क्रीमबद्दल म्हणतात की स्वतःबद्दल, हे ताईला कधी कळलं नाही.

पण क्रीम उत्तम होतं. हे मी मेहुणी म्हणून नाही, वापरणारी म्हणून सांगते. हाताला लावून लगेच फाईल उघडली तरी कागदावर डाग पडत नसे.

ताई त्यांच्या गल्लीतल्या बचत गटाची अध्यक्ष, आणि मी सचिव, कारण कामांच्या याद्या करायला दुसरं कुणी तयार नव्हतं. वर्ध्यात प्रदर्शन भरणार होतं. पापड सगळ्याच गटांचे असतात, आपण क्रीम ठेवू, असं ताईच्या मनानं घेतलं. मला एकटीला गाठून ती म्हणाली, "इतकी वर्षं करून राह्यला हा माणूस, अन् आपल्या दोघींच्या हातांशिवाय कोणाले माहीत नाई." भाऊजींना मी इतकं खुश कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी जुना पांढरा कोट इस्त्री केला, सगळ्या बायकांना केस बांधायला लावले, बांगड्या उतरवायला लावल्या, डब्या उकळायला लावल्या. मी सीलपासून टेबलावरच्या कापडापर्यंत सगळं आणून ठेवलं. राहिलं होतं फक्त लेबल.

त्यांनी ते सुवाच्य अक्षरात लिहून दिलं. पहिला शब्द होता, पाणी. मग तेल, मेण, ग्लिसरीन आणि शेवटी, बुरशी धरू नये म्हणून घातलेल्या औषधाच्या जरा वर, कोरफड. जे जास्त ते आधी लिहायचं, असा नियम असतो म्हणे. बायकांनी कागद एकमेकींकडे फिरवला. मग एक जण म्हणाली, "लोक म्हणतीन, ह्या बाया डबीत पाणी भरून विकून राह्यल्या." मग सगळ्याच बोलू लागल्या. कोरफड वर घ्या, ते औषध गाळा, 'शंभर टक्के नैसर्गिक' लिहा. मी मधला मार्ग काढला: पुढे कोरफडीचं मोठं चित्र, मागे बारीक अक्षरात खरी यादी. चित्र काढा, रंग तुमचा, नाव तुमचं, भाऊजी सगळ्याला हो म्हणाले. पण यादीतलं काही गाळायचं नाही, आणि पाणी पहिलं.

बायकांना मागच्या बाजूलाही पाणी पहिलं नको होतं, म्हणून शेवटी हात वर करून ठरवायचं झालं. ताईनं आधी त्यांच्याकडे पाहिलं आणि मग बायकांच्या बाजूनं हात वर केला.

"एका ओळीनं काय होते, अहो?" ती म्हणाली.

"मंग एक ओळ राहू दे ना," भाऊजी म्हणाले. आवाज चढला नव्हता. त्यांनी भरलेल्या डब्या पिशवीत घातल्या आणि घरी नेल्या.

आम्ही पापड ठेवले. चांगले खपले. बायकांचंही चूक नव्हतं, गिऱ्हाईक खरंच तसंच विचारतं. पण त्या दिवसानंतर भाऊजींनी क्रीम केलं नाही. गच्चीवरची जागा लोणच्याला परत मिळाली.

गेल्या हिवाळ्यात ताईची बोटं इतकी फुटली की कणीक मळताना रक्त येई. बाजारातलं सगळं लावून झालं. मी तिच्याकडे मटार सोलत बसले होते, तेव्हा ती त्यांना म्हणाली, "माझ्यापुरतं करा ना थोडं."

"तुयापुरतं केलं तं लेबल लागत नाई, म्हणून?"

ताईनं माझ्या पुढ्यातली एक शेंग उचलली. मीही शेंगांकडेच पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी केलं. पण भाऊजींचे हात आता थरथरतात. क्रीम थंड होईपर्यंत एकसारखं घोटावं लागतं, नाहीतर तेल आणि पाणी एकमेकांना धरत नाहीत. बाटलीत वर तेलाचा थर आला, खाली पाणी. ते मोरीत ओतायला निघाले, तर ताईनं बाटली काढून घेतली, हलवली आणि हाताला चोळू लागली.

"फुटलेलं हाये ते. कोन्त्याच कामाचं नाई."

"लावतपर्यंत राह्यते ना एकत्र," ताई म्हणाली, "बस झालं."

परवा गेले तेव्हा पाहिलं, बाटली हलवायचं काम आता भाऊजींनी स्वतःकडे घेतलं आहे. ताई हात पुढे करून बसते, ते बाटली धरून उभे राहतात. हलवायला त्यांना वेगळं काही करावं लागत नाही.